चार नंबरची हवा

१

रावेर-सावदा रस्त्यावरच्या योगेंद्र फेगडे यांच्या केळी पिकवणी केंद्रात जीवराम गुदमरून मेला, तेव्हा चार नंबरच्या खोलीतली हवा डोंगरावर असते तितकी स्वच्छ होती. हे यंत्राने लिहून ठेवलं होतं. जीवरामने काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे यंत्राचं म्हणणं ग्राह्य धरण्यात आलं.

हवा चांगली असून माणूस गुदमरतो, याचा अर्थ त्याला कोणीतरी गुदमरवलं. त्या वेळी जवळपास एकच माणूस होता, हिलाल. आदल्या दिवशी दोघांचं वाजलं होतं, आणि ते अख्ख्या केंद्राने ऐकलं होतं. जीवराम रावेरकडचा, हिलाल साक्रीकडचा. जीवरामने हिलालच्या 'शे'ची नक्कल करायची, हिलालने जीवरामच्या 'हाये'ची (दोन्हींचा अर्थ 'आहे'), असा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग होता. त्या दिवशी तो जरा जास्त झाला. अंगावर खूण नाही, झटापट नाही. पण क्रेटमध्ये अंथरायचा प्लास्टिकचा कागद तिथे ढिगाने पडलेला होता, आणि तपास अधिकाऱ्याची कल्पनाशक्ती चांगली होती. हिलाल खुनाच्या आरोपाखाली जळगावच्या तुरुंगात गेला.

हे सगळं दिपमाला बोरसेला तिच्या धुळ्यातल्या घरात बसून अॅडव्होकेट प्रेमराजने सांगितलं. दोघे शाळेत एका वर्गात होते. दिपमालाने पुण्यात वीस वर्षं एकच काम केलं होतं. संगणकाच्या पोटात जो कारभारी असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याच्या चुका शोधायच्या. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, ती परत कधी घ्यायची, एकाच वेळी दोघांनी एक वस्तू मागितली तर आधी कोणाला, हे सगळं तो ठरवतो. तो चुकला की वरचे सगळे चुकतात आणि दोष वापरणाऱ्याला मिळतो. कंपनीने नंतर हे काम स्वस्तात करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा ती धुळ्यातल्या देवपूरला परत आली. गल्लीत तिची ओळख 'कॉम्प्युटरवाली ताई' अशी होती. लोक प्रिंटर घेऊन येत.

"तू ते कर्नेलचं करायचीस ना?" प्रेमराज म्हणाला. "म्हणजे काय ते समजावू नकोस. नुसतं हो म्हण."

"हो."

"मग हे बघ. पिकायला लागलेली केळी श्वास घेतात म्हणे."

"माणसाच्या वाट्याचाही घेतात."

"म्हणून खोली बंद राहिली की हवा मरते. दारावर दिवा असतो. लाल असला की आत जायचं नाही. दार उघडून नीट लावलं की पंखा आपोआप सुरू होतो आणि हवा बदलतो. हिरवा झाला की जायचं. हे सगळं एक डबा चालवतो, जळगावच्या हिमकण कंट्रोल्सचा. हिलाल म्हणतो दिवा आधी लाल होता, मग हिरवा झाला, मग जीवराम आत गेला. डबा म्हणतो हवा चांगली होती. म्हणजे दोघांचं जमतं. आणि तरी माणूस मेला." त्याने नोंदींचे कागद पुढे केले. "माझं एकच म्हणणं आहे. डबा चुकला असं म्हणता येईल का? नाहीतर हा म्हातारा आत सडणार."

दिपमालाने कागद चाळले. हवेचा आकडा आरोपपत्रात लाल पेनने अधोरेखित केला होता. त्याच्या शेजारी तापमानाचा आकडा होता. तो अधोरेखित करण्याचं कारण नव्हतं, कारण तापमान हा गुन्हा नाही. एकतीस. जीवराम आत गेल्यापासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकतीसच्या आसपास.

"प्रेम," ती म्हणाली, "केळी कशी निघाली?"

"कोणती केळी?"

"चार नंबरमधली. साक्षीदारांत त्यांचं नाव दिसत नाही."

२

"दिल्लीला गेली," योगेंद्रभाऊ म्हणाले. "एक फणी नरम नाही मॅडम. माणूस गेला, फार वाईट झालं, पण माल नाही गेला. तेवढंच समाधान."

ते खरोखर हळहळले होते. दोन्ही गोष्टींबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, त्यामुळे कोणती कुठे संपते ते कळत नव्हतं.

"खोली किती गार ठेवता?"

"सतरा, अठरा. त्याच्यावर गेलं की केळी शिजतात. कूलिंग या डब्यावर नाही ठेवलं मी. ते आमच्या जुन्या थर्मोस्टॅटवर आहे. नव्या वस्तूवर एकदम सगळा विश्वास टाकू नये."

"माणसं मात्र त्याच्यावर टाकलीत."

योगेंद्रभाऊंनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून पुढे चालू लागले.

सहा खोल्या ओळीने होत्या, जाड पांढरी दारं, प्रत्येक दारावर दिवा. एक ते तीन एका टोळीकडे, चार ते सहा हिलाल आणि जीवरामकडे. दिपमालाने चार नंबरच्या दाराची रबरी पट्टी बोटाने चाचपली. कडेला चिरून तिचे धागे सुटले होते. पाच आणि सहाचीही तीच गत. मग ती एक नंबरकडे गेली. तिथली पट्टी नवी कोरी.

"हे काय बघता?" योगेंद्रभाऊ म्हणाले. "तो हिलालचा प्रताप. त्याच्या बाजूचं रबर वर्षभरसुद्धा टिकत नाही. किती वेळा बोललो त्याला, अरे गार हवा जाते, बिल मी भरतो. शेवटी पगारातून कापलं."

"काय करायचा तो दाराला?"

"काय माहीत. हात जड असेल."

एक नंबरची खोली रिकामी होती. जीवराम मेला तेव्हाही रिकामीच होती, योगेंद्रभाऊ म्हणाले. माल नसला की तिचं कूलिंग बंद ठेवतात. दिपमाला आत जाऊन उभी राहिली. वैशाखातल्या बंद खोलीची ऊब अंगावर आली. दाराच्या पडद्यावर आकडा होता, बत्तीस. हवा डोंगरावरची.

ती बाहेर आली तेव्हा तिचं उत्तर निम्मं झालं होतं. एकतीस अंशांवर दीड दिवस राहिलेली केळी दिल्लीला जात नाहीत, उकिरड्यावर जातात. म्हणजे डब्याने चार नंबरच्या नावावर जे लिहिलं ते चार नंबरचं नव्हतंच. तो त्या दीड दिवसात रिकाम्या एक नंबरची हवा वाचत होता आणि चार नंबरच्या दारावर हिरवा दिवा लावत होता.

"मग पुढे नोंद बरोबर कशी झाली?" तिचं म्हणणं ऐकून सोबत आलेल्या प्रेमराजने विचारलं. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून चार नंबरला अठराच दिसतं."

"त्याच वेळी डबा रीस्टार्ट झालाय." तिने योगेंद्रभाऊंकडे पाहिलं. "तुम्ही केलात?"

"आम्हाला त्याला हात लावायचीसुद्धा परवानगी नाही मॅडम. हिमकणवाले जळगावला बसून करतात. इंटरनेटवरून."

३

हिमकणचे मालक जितेंद्र यांनी चहा मागवला आणि यंत्र किती विश्वासू आहे ते सांगितलं. त्यांच्या भिंतीवर यंत्राचा फोटो होता, हार नव्हता इतकंच. समोर नवीन नावाचा मुलगा बसला होता. डब्याचा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला होता. तो बोटांची नखं बघत होता.

"टेस्टिंग बेंचवर आम्ही हजारो वेळा दार उघडून बंद केलंय," जितेंद्र म्हणाले. "एकदाही चूक नाही."

"कसं उघडता?"

"म्हणजे?"

"दाखवा."

नवीनने बेंचवरचं लहानसं दार उघडलं, क्षणभर थांबला, सावकाश लावलं. मंगल कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीचं दार उघडावं तसं.

"आणि तो रीस्टार्ट?" दिपमालाने विचारलं.

"रूटीन," जितेंद्र म्हणाले.

"बरोबर चालणारं यंत्र रूटीन म्हणून कोणी रीस्टार्ट करत नाही. त्यातून त्याच यंत्रापुढे माणूस मेलेला असताना तर नाहीच."

नवीनने नखांवरून नजर काढली नाही. जितेंद्र म्हणाले, चहा गार होतोय.

प्रोग्रामची प्रत प्रेमराजने कोर्टाच्या आदेशाने मिळवलेली होती. दिपमाला ती घेऊन घरी आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिने प्रेमराजला जेवायला बोलावून, भाकरी वाढण्याआधी स्टीलच्या रिकाम्या ताटल्या मांडून समजावलं.

"प्रत्येक खोलीची एक पाटी आहे. मेमरीतली. एक हात हवा मोजतो, त्या पाटीवर आकडा लिहितो आणि वाचून दिवा लावतो. दार उघडलं की दुसरा हात येतो. आता जुना आकडा शिळा झाला म्हणून तो पाटी ढिगावर परत ठेवतो आणि नवी मागतो. ढिगावरची पाटी मग कोणालाही मिळते."

"बरं."

"आता पहिला हात पाटी धरून वाचत असतानाच दुसऱ्याने ती ढिगावर टाकली, आणि त्याच क्षणी एक नंबरने पाटी मागितली. ढिगाने तीच उचलून दिली. आता पाटी एक नंबरची, पण पहिला हात ती सोडायलाच तयार नाही. त्याला वाटतं ही चारचीच. एक नंबर जे लिहील ते हा चारच्या दारावर वाचून दाखवणार. रीस्टार्ट होईपर्यंत."

प्रेमराजने ताटलीकडे पाहिलं. "असं होऊ नये म्हणून काही करत नाहीत?"

"करतात. पाटीला हात लावण्याआधी लॉक घ्यायचं. एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. नवीनने सगळीकडे घेतलंय. फक्त दाराच्या त्या एका जागी नाही." ती थांबली. "विसरणारा माणूस दहा ठिकाणी विसरतो, प्रेम. नेमकं एकाच ठिकाणी विसरत नाही. तिथलं लॉक काढलेलं आहे."

"मग झालं की. कोर्टात सांगू."

"कोर्ट म्हणेल, करून दाखवा."

तेच होत नव्हतं. हिमकणने कोर्टाच्या सांगण्यावरून एक डबा दिला होता. तिने त्यात मेमरीवर पाळत ठेवणारं साधन लावलं आणि दार उघडत राहिली. चूक आली नाही. पाळत ठेवली की सगळं जरा मंद होतं आणि दोन हात एका क्षणी एका पाटीवर येतच नाहीत. पाळत काढली, तरी आली नाही. गल्लीत दिवा लावावा आणि चोरांनी बाजूची गल्ली धरावी, मग दिवा काढावा आणि चोरांनी गावच सोडावं, असा प्रकार.

तिने नवीनला फोन केला. चूक केव्हा येईल, तिने विचारलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तसं व्हायला दार भयंकर वेगाने उघडमीट व्हायला लागेल. एकामागून एक, कितीतरी वेळा. असं दार कोण उघडतं?"

दिपमालाच्या बोटांना ते चिरलेलं रबर आठवलं.

४

हिलाल जाळीच्या पलीकडे येऊन बसला. उंच, वाळलेला, पांढऱ्या मिशा. वकिलांनी बाई आणलीय हे पाहून तो अधिकच सावरून बसला, म्हणजे ऐकवायचं ते पाठ केलेलं तोंडावर आणून.

"मी दार एकदाच उघडलं साहेब. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय तसं. दिवा लाल होता. मग हिरवा झाला. जीवराम आत गेला. दार आपोआप लागलं. मी ट्रककडे गेलो."

"दार न उघडता लाल होता, आणि एकदा उघडल्यावर लगेच हिरवा झाला?"

"हो."

"पंखा सुरू व्हायच्या आधीच?"

हिलालने प्रेमराजकडे पाहिलं. प्रेमराजने छताकडे.

दिपमालाने खुर्ची पुढे ओढली. "हिलालभाऊ, मी धुयानी शे. मनी माय साक्रीकडली. खरं सांगा."

म्हाताऱ्याचे डोळे जरा हलले. त्या तुरुंगात त्याच्याशी त्याच्या बोलीत बोललेलं ते पहिलंच माणूस असावं. त्याआधी बोलायचा तो जीवराम, आणि तो नक्कल करायचा.

"खरंच सांगी ऱ्हायनू, ताई. एकच येळ उघाडं."

"मंग चार नंबरनं रबर कसाले फाटनं? एक नंबरनं कोरं शे. रबर खोटं नही बोलस, भाऊ."

हिलालने उजवा हात उचलला आणि जाळीच्या पलीकडेच हवेत एक अदृश्य दार धरून झपाझप हलवलं. पुढे, मागे, पुढे, मागे. मध्ये अर्धा श्वास, आणि पुन्हा. हात म्हातारा होता, हालचाल नव्हती.

"धुरानी कोठडीमा काम करं मी, पोरगा व्हतू तवयपासून," तो म्हणाला. "तवय दिवाबिवा कोठे? गवऱ्या पेटाडी धूर करूत, केयं पिकाडूत. मझार, कोठडीना आत, जावाना पहिले दार हालाडूत. हवा घालाले. बठ्ठाच करेत, समदा. जो नही करे तो पडे."

"अन् आठेबी तसंच?"

"हात आयकस का, ताई? शेठनी पगार कापा, तरी हालाडू. त्या दिनबी हालाडं. जीवराम मांगे उभा व्हता, हसत व्हता. म्हने, घाल वारा, तुले दुसरं येतं काय." तो थांबला. "मंग दिवा हिरवा जया. मी म्हनं, जाय आते."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?" प्रेमराजने विचारलं.

हिलालने त्याच्याकडे, वकिलाला इतकंही कळू नये याचं आश्चर्य वाटून, पाहिलं. "सांगं आसतं तं म्हनतीन, तुले माहीत व्हतं मझारनी हवा खराब शे. तरी त्याले धाडं."

आरोपपत्र लिहिणाऱ्याने नेमकं तेच म्हटलं असतं. ज्या एका गोष्टीने तो सुटू शकत होता, तीच त्याने फासाची म्हणून लपवून ठेवली होती.

"आता काय?" बाहेर आल्यावर प्रेमराज म्हणाला. "हे सांगितलं आणि तुझा दिवा हिरवा झाला नाही, तर मी माझ्या हाताने त्याचा कबुलीजबाब दिलाय."

५

कोर्टाने नेमलेला अधिकारी चार नंबरच्या दारासमोर खुर्ची टाकून बसला. योगेंद्रभाऊंनी खोली केळ्यांनी भरून, रात्रभर बंद ठेवून दिली होती. बिलाचा उल्लेख त्यांनी दोनदाच केला. जितेंद्र हाताची घडी घालून उभे होते, नवीन त्यांच्यामागे. एक नंबरची खोली रिकामी. दिपमालाने सकाळी हातात धरायचा एक स्वतंत्र मीटर चार नंबरच्या आत, फटीतून दिसेल असा टांगला होता. तो डब्याला जोडलेला नव्हता. हवा बिघडली की तो नुसता केकाटतो.

शेवंताबाई, जीवरामची बायको, न बोलावता आली होती.

"मले तो दिवा पहायचा हाये," ती म्हणाली. "मंग त्या हिलाल्याचं काय करायचं ते देव पाहीन."

"बसा अक्का," प्रेमराज म्हणाला.

"उभीच बरी."

दिवा लाल होता. आत मीटर ओरडत होता, जाड दारातून कीटकासारखा ऐकू येत होता. दिपमालाने दार धरलं आणि हिलालच्या हाताची हालचाल आठवत हलवलं. गार, गोडसर, जड हवेचा झोत अंगावर आला. पुढे, मागे, पुढे, मागे, अर्धा श्वास, पुन्हा. दिवा लाल.

पुन्हा. लाल.

"झालं का?" जितेंद्रांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, हा विज्ञानाचा प्रकार आहे की व्यायामाचा?"

अधिकारी हसला नाही, पण त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. प्रेमराजचा चेहरा खुनाच्या खटल्यातल्या वकिलासारखा नसून आरोपीसारखा झाला होता.

दिपमालाचा खांदा भरून आला. नेहमी होत नाही, तिला माहीत होतं. दोघांचे हात, आणि त्याच क्षणी एक नंबरची मागणी, हे तिन्ही जुळायला हवं. हिलालने वर्षभर रोज हलवलं तेव्हा एकदा जुळलं. तिने पदर खोचला आणि दार परत धरलं. आता ती मोजत नव्हती, आठवत नव्हती, नुसतं हलवत होती. पट्टीचा एक धागा तुटून तिच्या मनगटावर पडला.

दिवा हिरवा झाला.

तो इतक्या साधेपणाने झाला की कोणाच्या लक्षात यायला क्षण गेला. पडद्यावर हवा उत्तम, तापमान बत्तीस. दिपमालाने दार सोडलं. आणि त्या क्षणी, सगळे पडद्याकडे बघत असताना, शेवंताबाई पुढे झाली. तिने दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं.

दिपमालाने तिला दंडाला धरून मागे खेचलं. दोघी भिंतीवर आदळल्या.

"सोड बाई," शेवंताबाई म्हणाली. "हिरवा हाये ना."

"ऐका," दिपमाला म्हणाली.

उघड्या दारातून मीटरचं केकाटणं आता स्पष्ट ऐकू येत होतं. वर दिवा शांतपणे हिरवा होता. पंखा बंद होता, कारण पंख्याला चालण्याचं काही कारण दिसत नव्हतं. शेवंताबाईने आवाजाकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग पुन्हा आवाजाकडे. मग ती तिथेच उंबऱ्यापाशी खाली बसली.

"तोबी असाच गेला असंन," ती म्हणाली. "मी गेली तसा."

अधिकाऱ्याने पडद्याचा फोटो काढला, मग मीटरचा, मग दिव्याचा. जितेंद्र म्हणाले, हा अपवाद आहे, वापरणाऱ्याने दार असं वापरणं अपेक्षितच नाही.

"लॉक मी लावलं होतं," नवीन म्हणाला.

जितेंद्रांनी मागे वळून पाहिलं.

"दाराच्या जागीसुद्धा लावलं होतं, मॅडम. पण हवा मोजायला वेळ लागतो, आणि मी लॉक धरून मोजत होतो. तेवढा वेळ दार उघडलं की स्क्रीन अडकायची. उद्घाटनाला पाहुणे येणार होते. सर म्हणाले, पाहुण्यांसमोर स्क्रीन अडकता कामा नये, कार्यक्रम होईपर्यंत काढून ठेव. मी काढलं." तो हिरव्या दिव्याकडे बघत होता. "कार्यक्रम झाला. पुढच्या केंद्रांच्या ऑर्डरी आल्या. परत लावायचं राहिलं. त्या दिवशी मी ऑफिसातून पाहिलं, एक आणि चारचे आकडे तंतोतंत सारखे. सरांना फोन केला. सर म्हणाले, रीस्टार्ट कर."

"तू लेखी दिलं होतंस का मला?" जितेंद्र म्हणाले.

"नाही सर."

"मग?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या सहजतेने विचारला, की आता सगळं मिटलं असं क्षणभर त्यांनाही वाटलं असावं. अधिकारी मात्र लिहीत होता.

६

चूक दुरुस्त करायला दिपमाला आणि नवीनला एक दुपार पुरली. हवा मोजताना लॉक धरून बसायचं नाही. फक्त पाटी उचलताना आणि ठेवताना धरायचं. पाटी किती हातांत आहे ते पाटीवरच लिहायचं, आणि शेवटचा हात सुटल्याशिवाय ती ढिगावर टाकायची नाही. बोटांवर मोजण्याइतक्या ओळी. स्क्रीन अडकली नाही. हे उद्घाटनाआधी सुचलं असतं तरी अडकली नसती, असं नवीन म्हणाला. जितेंद्रांवर गुन्हा दाखल झाला, त्याच्यावरही झाला. जितेंद्र जामिनावर सुटल्यावर हिमकणने सगळ्या केंद्रांना दुरुस्ती पाठवली. सोबत एक संदेश होता: 'किरकोळ सुधारणा. आता स्क्रीन अधिक सुरळीत चालेल.'

हिलाल सुटला त्या दिवशी प्रेमराजला दुसऱ्या कोर्टात तारीख होती, म्हणून दिपमालानेच त्याला गाडीत घेतलं. तुरुंगाबाहेर शेवंताबाई उभी होती. तिने हिलालकडे पाहिलं, हिलालने तिच्याकडे. तिने पिशवीतून जीवरामचा मफलर काढून त्याच्या हातात दिला.

"गार खोलीत बांधायचा तो," ती म्हणाली. "तुले व्हयीन." आणि स्टँडकडे निघून गेली.

पाळधी गेलं, एरंडोल गेलं, पारोळा गेलं. हिलालने मांडीवरच्या मफलरची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. कोर्टात त्याला सगळं मराठीतून समजावलं होतं आणि त्याने मान डोलावली होती. आता धुळ्याच्या अलीकडे कुठेतरी तो म्हणाला,

"ताई, त्या पाटीनं एक सांगा."

"विचारा."

"मी दार हालाडं नसतं तं?"

वीस वर्षांत दिपमालाने एकही अहवाल खोटा लिहिला नव्हता. चूक कुठे, कोणाची, कशामुळे जागी झाली, हे सगळं ती स्पष्ट लिही. वाचणाऱ्याला काय वाटेल हा तिचा विषय नव्हता. तिने समोरच्या ट्रकला वाट दिली.

"लॉक त्यासनी काढं, भाऊ," ती म्हणाली. "चूक त्यासनी शे."

"ते समजनं. मी हालाडं नसतं तं दिवा लाल ऱ्हाता का?"

ट्रक निघून गेला. रस्ता मोकळा झाला.

"ऱ्हाता," ती म्हणाली.

हिलालने मान हलवली. त्याला हे आधीपासून माहीत असावं. फक्त कोणीतरी म्हणायला हवं होतं.

"हात तं मनाच व्हता," तो आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला. साक्रीच्या पुढे त्याच्या गावात दिपमालाने गाडी थांबवली.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत भिकुबाई, त्याची बायको, चुलीपाशी असावी, भांड्याचा आवाज आला, मग हाक आली, "कोन शे?" हिलालने फळीवर उजवा हात ठेवला. दिपमालाला गाडीतून दिसलं, की हात सवयीने मागे गेला आणि तिथेच थांबला. त्याने दार एकदाच ढकललं. आत चुलीचा थोडा धूर होता. दार पूर्ण उघडलं तरी तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आणि भिकुबाई बाहेर येऊन त्याला हाताला धरून नेईपर्यंत आत गेला नाही.